सहा शतांशांची मोकळीक

रविवारी सकाळी दहालाच कारखान्यात खुर्च्या लागल्या. एरवी तिथं बसायला एक स्टूल, एक उलटा खोका आणि बाबांची एका हाताची फिरती खुर्ची एवढाच सरंजाम. पण आज निकाल लागायचा होता, आणि निकाल उभ्यानं ऐकायची या घरात पद्धत नव्हती. आईनं घरच्या चार खुर्च्या आणवल्या, ग्रीस लागू नये म्हणून प्रत्येकीवर जुना टॉवेल घातला, आणि पाच मिनिटांत चारही टॉवेलांना ग्रीस लागलं.

"राहू दे," ती स्वतःलाच म्हणाली, "खुर्च्या तरी वाचल्या."

थोरली लेक खुर्चीकडे फिरकलीच नाही. हातात चिंधी घेऊन ती स्टँडवर बांधलेल्या इंजिनापाशी उभी होती आणि पुसून झालेलं पुन्हा पुसत होती. इंजिन बुटकीचं. बुटकी म्हणजे आजोबांची दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार. इंजिन काढल्यामुळे पुढून हलकी झालेली ती कोपऱ्यात ताडपत्रीखाली नाक वर करून उभी होती. आजोबांनी ती अर्धी जळालेली घेतली, बाबांनी तरुणपणी चढाच्या शर्यतीत पळवली, आणि एकवीस वर्षांपूर्वी इंजिन जाम झाल्यापासून घरातला प्रत्येक जण 'एकदा करायला हवं हं' असं म्हणत तिच्यावर सामान ठेवत आला होता.

थोरलीनं सात महिन्यांत ते केलं. नुसतं दुरुस्त नाही, मोठं केलं; तेराशे सीसीचं चौदाशे. तेही हात आखडून. पिस्टन घेतले एका बंद पडलेल्या मॉडेलच्या डिलिव्हरी व्हॅनचे, कारण ते तीन मिलिमीटरनं मोठे होते आणि कुणाला नको होते. व्हॉल्व्ह भंगारातून निवडून घासले. हेडचं गॅस्केट तांब्याच्या पत्र्यातून हातानं कापलं. नवीकोरी म्हणावीत अशी फक्त बेअरिंगं. तीही दुकानदाराकडे तीन फेऱ्या मारून त्याच्या नाकी नऊ आणल्यावर स्वस्तात मिळाली होती.

अट धाकट्या भावाची होती. तिच्याहून सहा वर्षांनी लहान, दुसऱ्या शहरात विमा कंपनीत बऱ्यापैकी हुद्द्यावर. फरश्यांच्या एका व्यापाऱ्याला दुकानासाठी ही जागा भाड्यानं हवी होती, आणि धाकट्यानं करारनामाही करून घेतला होता. मागच्या महिन्यात जेवता जेवता तो तिला म्हणाला होता, "ताई, मी काही राक्षस नाही. तू म्हणतेस ना, जुन्या गाड्यांची कामं येतील? मग हे एक इंजिन चालू करून दाखव. स्टँडवर का होईना. झालं, तर मी कागद फाडतो. नाही झालं, तर तू बाबांना सही करू द्यायची आणि नंतर तोंड पाडून बसायचं नाही."

तिनं हो म्हटलं होतं. जुन्या गाड्यांच्या क्लबातले एक डॉक्टर तिला म्हणाले होते, हे इंजिन टिकलं तर आमच्या चार गाड्या तुझ्याकडे. चार गाड्या म्हणजे दोन वर्षांचं काम. एक्केचाळिसाव्या वर्षी तिला दुसरं काही करायचं नव्हतं आणि येतही नव्हतं. हे ती कुणाला सांगत नसे, पण स्वतःपाशी कबूल करत असे.

"काका आले नाहीत अजून?" धाकट्यानं घड्याळ बघत विचारलं. इस्त्रीचा आकाशी शर्ट घालून तो टॉवेलाच्या टोकावर जपून बसला होता. व्यापाऱ्याला शेजारचा काकांचा अर्धा कारखानाही हवा होता, त्यामुळे काकांची सहीही लागणार होती.

"येतील," आई म्हणाली. "तीस पावलांना असा कितीसा वेळ लागतो?"

तीस पावलं आणि अकरा वर्षं. कारखाना मुळात एकच. आजोबा गेल्यावर बाबांचं आणि काकांचं बिनसलं आणि मधोमध विटांची भिंत आली. कशावरून बिनसलं ते आता दोघांनाही धड आठवत नसावं, पण अबोला मात्र दोघांनी जिवापाड सांभाळला होता. भिंतीच्या अलीकडे इंजिनं उघडायची आणि जोडायची. पलीकडे काकांचं बोअरिंग मशिन, सिलिंडर आतून कापून मोठे करायचे. एकमेकांवाचून दोघांचंही चालत नव्हतं. म्हणून सिलिंडरांचा लोखंडी ब्लॉक हातगाडीवर चढायचा, एका दारातून फुटपाथवर, तिथून दुसऱ्या दारानं आत. गाडीसोबत आई, आणि आईच्या हातात एक चिठ्ठी. चिठ्ठीवर एक आकडा. वर मायना नाही, खाली सही नाही.

याच चिठ्ठीनं घात केला होता. शुक्रवारी दुपारपासून ते फक्त थोरलीला माहीत होतं.

बाबांचे हात वर्षभरापासून थरथरत होते, म्हणून यावेळची चिठ्ठी पहिल्यांदाच तिनं लिहिली. पिस्टन शहात्तर मिलिमीटरचा. तो सिलिंडरात घासू नये म्हणून सहा शतांश मिलिमीटर मोकळीक लागते, म्हणजे साधारण एका केसाएवढी. काकांच्या डोक्याला ताप नको, चुकीला जागाच नको, म्हणून तिनं मोठ्या शहाणपणानं मोकळीक धरून तयार भोकाचं माप लिहिलं. पण आजोबांच्या वेळेपासूनची रीत अशी, की चिठ्ठीवर माप पिस्टनचं लिहायचं. मोकळीक कापणाऱ्यानं आपल्या डोक्यानं सोडायची. काकांनी रीतीप्रमाणे सोडली. एका केसाच्या जागी दोन केस झाले. दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात कुणीतरी हाक मारून विचारलं असतं, "मोकळीक धरलीयस का गं?" इथं ती सोय नव्हती.

शुक्रवारी तिनं गेज घालून चारही सिलिंडर चार-चारदा मोजले. आकडा काही तिच्यासाठी बदलला नाही. मग ती बराच वेळ खोक्यावर बसून राहिली. इंजिन चालू होणार नाही असं नव्हतं. चांगलं दणक्यात चालू झालं असतं. पिस्टन आत डुलले असते, वर्षभरात रिंगा गेल्या असत्या, धुराड्यातून निळा धूर आला असता. पण ते वर्षभरानं. रविवार परवावर आला होता.

शनिवारी तिनं पिस्टन बसवले. प्रत्येक बसवताना ती मनाशी म्हणत होती, एकदा रविवार निभावू दे, मग सावकाश उघडून नीट करू. आणि प्रत्येक वेळी तिला पक्कं ठाऊक होतं, की चाललेलं इंजिन पुन्हा कुणी उघडत नाही.

काका आले. सोबत चहाचा थर्मास घेऊन काकू. काकू सरळ आत येऊन आईशेजारी बसली; काका मात्र दारातच उभे राहिले, पाय आत आणि अंग बाहेर, म्हणजे उद्या कुणी विचारलंच तर 'मी आत गेलोच नव्हतो' असं सांगता यावं. बाबांनी फिरती खुर्ची पाच अंशांनी पलीकडे फिरवली.

"चला," धाकटा म्हणाला, "होऊन जाऊ दे."

थोरलीनं पेट्रोलचा नळ उघडला, पाण्याची नळी बघितली, बटण दाबलं. इंजिन दोनदा खाकरलं, एकदा शिंकलं, आणि धरलं. सगळा कारखाना दणाणून गेला. फळीवरचे पाने वाजायला लागले, आईनं कानांवर हात ठेवले आणि ती हसत सुटली. थोरलीनं हळूच वेग उतरवला. एकवीस वर्षं मुकं असलेलं इंजिन समोर नांदत होतं आणि त्या क्षणी तिला इतका आनंद झाला, की बाकी सगळं ती विसरूनच गेली.

"ताई!" धाकटा ओरडला. "अगं, चाललं की!"

तो खरंच खूश झाला होता, त्याच्या नाकावर लहानपणी पडायची तशी सुरकुती पडली होती. शब्दाचा पक्का, म्हणून त्यानं लगेच खिशातून करारनामा काढला आणि सगळ्यांसमोर उभा फाडायला घेतला.

आणि तेव्हा तिला तो ऐकू आला. आवाजाच्या खाली दडलेला आवाज, लोखंडाच्या पोटातून येणारा, कोरडा, टक् टक् टक्, बंद दारावर कुणीतरी बोटाच्या पेरानं वाजवत राहावं तसा.

धाकट्याचाही हात थांबला. "हे काय वाजतंय?"

थोरलीनं बाबांकडे बघितलं. बाबांची मान इंजिनाकडे कलली होती. मग तिनं दाराकडे बघितलं. काकांची मानही अगदी तेवढीच कलली होती. दोघांनाही कळलं होतं. चाळीस वर्षं या आवाजावर दोघांनी पोट भरलं होतं. तो ऐकला की दोघंही झोपेतून उठून सांगू शकले असते, काय सैल आहे आणि किती.

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी काकांकडे बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"थंड आहे अजून," काका धाकट्याला म्हणाले. "थंड इंजिन बोलतंच थोडं."

"गरम झालं की जाईल," बाबा म्हणाले.

"जाईल ना, दादा?"

"जाईल."

आईचे हात कानांवरून खाली आले. काकूच्या हातातला कप तसाच राहिला.

थोरलीचा हात बटणाकडे गेला. हे दोघं. ब्लॉकवर साधा ओरखडा दिसला तरी गिऱ्हाइकाला परत पाठवणारे, खोटं माप सांगितलं म्हणून कामगाराला दुपारच्या आत घरी घालवणारे. अकरा वर्षांत दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, आणि आज झालं ते तिच्यासाठी खोटं बोलण्यावर. वर अर्धं खरं होतं. गरम झाल्यावर आवाज दबला असता. चहा पिऊन होईपर्यंत विषय संपला असता, आणि मग आयुष्यभर हे दोन म्हातारे तिच्याकडे बघताना थोडं दुसरीकडे बघत राहिले असते.

तिनं इंजिन बंद केलं.

एवढी शांतता झाली, की रस्त्यावरच्या सायकलची घंटा आत ऐकू आली.

"नाही जाणार," ती म्हणाली. "पिस्टन सैल आहेत. सहा शतांश. मला शुक्रवारीच कळलं होतं. तरी मी बसवले."

कुणी काही बोलण्याआधी बाबा खुर्चीतून उठले, आणि इतका वेळ गिळलेलं सगळं एकदम काकांच्या अंगावर गेलं. "मोकळीक दुप्पट सोडलीस? डोळे कुठे होते तुझे? चिठ्ठी वाचता येत नाही?"

"चिठ्ठीवर माप पिस्टनचं असतं, दादा!" काका तरातरा आत आले. "तूच शिकवलंयस मला! माझ्या पाठीत धपाटा घालून शिकवलंयस! मी काय अक्षर बघून माप बदलू?"

"अक्षर माझं नव्हतं, एवढं तरी दिसलं असेल ना?"

"दिसलं! मला वाटलं, तुझा हात जास्तच थरथरायला लागलाय. काळजीच वाटली. विचारणार कुणाला?"

बाबा परत खुर्चीत बसले.

"चूक माझी आहे," थोरली म्हणाली. "चिठ्ठी मी लिहिली. रीत मला माहीत होती. मी जास्तीचं शहाणपण केलं."

"चूक माझी," आई म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता, तरी सगळे वळले. "चिठ्ठ्या कोण पोचवतं? अकरा वर्षं मी गाडीमागून चालतेय, पोस्टमनसारखी. एकदा तरी ती चिठ्ठी फाडून म्हणायला हवं होतं, जा, तोंडानं सांगून या. मला वाटायचं, नको, घरात शांतता आहे ती असू दे. कसली शांतता, भावजी? बघा ना, काय झालं."

काका खाली बघायला लागले. "वहिनी, तुम्ही नका…"

धाकटा हातात अर्धा फाटलेला करारनामा धरून उभा होता. "मग मी आता काय करू?" त्यानं विचारलं. "उरलेला फाडू, की हा चिकटवू?"

काकूला हसू फुटलं, आणि ते आवरायला ती घाईनं नवऱ्याकडे वळली. "अहो, त्या वरच्या फळीवरचे डबे?"

"कुठले डबे?"

"व्हॅनच्या पिस्टनचे. आठ वर्षं मी धूळ झटकतेय त्यांच्यावरची."

"ते अर्ध्या मिलिमीटरनं मोठे आहेत."

"मग भोक मोठं करा की. तुम्हाला दुसरं काय येतं?"

थोरलीनं मनात गणित मांडलं, आणि तिला दिसलं की बाबा आणि काका तेच मांडताहेत. अजून चव्वेचाळीस शतांश काढायचे. चौदाशेचं चौदाशे तीस होईल. जमण्यासारखं होतं, एका गोष्टीखेरीज.

"तिसरा सिलिंडर फुटेल," बाबा म्हणाले.

"तिसऱ्याची भिंत मुळात पातळ असते या ब्लॉकांना," काकांनी मान डोलावली. "पलीकडे पाणी खेळतं. चिरलं, तर ब्लॉक भंगारात. मी तर नाही हात लावणार."

"आणि हे आहे तसंच ठेवलं तर?" धाकट्यानं विचारलं.

"तर चालेल," थोरली म्हणाली. "वर्षभर. आणि डॉक्टरांच्या पहिल्या गाडीबरोबर माझं नाव जाईल."

तिनं पाना उचलला. "मी उघडतेय," ती म्हणाली. "आधी तिसरा कापू. फुटायचाच असेल तर तो पहिला फुटू दे, बाकीच्या तिघांची मेहनत वाचेल. आणि फुटला, तर बाबा, तुम्ही सही करा. माझी तक्रार नाही."

इंजिन निवायला तासभर दिला. तेवढ्यात थर्मास रिकामा झाला आणि काकू दुसऱ्यांदा चहा करून घेऊन आली. मग जे सुरू झालं ते या कारखान्यानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. थोरली नट सोडवायची, आई ते अनुक्रमानं जुन्या ट्रेमध्ये मांडायची, काकू प्रत्येकाला चिंधीनं पुसायची आणि "हा कुठला गं, जाऊबाई?" असं विचारून आईला मोजणं विसरायला लावायची. बाबा बसल्या जागेवरून हुकूम सोडत होते. धाकटा पाच मिनिटं हाताची घडी घालून उभा राहिला. मग थोरलीनं न बघता मागे हात केला, तेव्हा त्यानं तिच्या तळहातावर पाना ठेवला. तेराचा. बरोबर तोच. दहावीपर्यंत तो हेच करत होता. त्यानं बाह्या दुमडल्या, पण आकाशी शर्ट काही वाचला नाही.

दोनच्या सुमाराला मोकळा ब्लॉक हातगाडीवर चढला आणि फुटपाथवरून मिरवत पलीकडे गेला. यावेळी मागून सगळे होते. बाबा शेवटी. काकांच्या दारापाशी ते जरासे घुटमळले. काकांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाले, "ये, दादा. खाली पायरी आहे, जपून." जणू बाबांना ती पायरी माहीत नव्हती. ती त्यांनीच बांधली होती.

आत गेल्यावर मात्र दोघांचं पुन्हा जुंपलं.

"पातळ बाजू पुढची," बाबा म्हणाले. "मी असला एक ब्लॉक करवतीनं उभा चिरून बघितलाय. ओतताना साच्यातला गाभा पुढे सरकतो."

"एक चिरलास! मी सव्वीस कापलेत. पातळ बाजू डावी, कॅमच्या दांड्याकडची. कापताना आवाजावरून कळतं."

"आवाजावरून!"

"मग, तुला काय वाटलं?"

थोरलीनं दोघांच्या मधून हात घातला. बाजूच्या पाण्याच्या भोकाची चकती काढून तिनं वाकड्या पायांचा कॅलिपर आत घातला, एक पाय पाण्याच्या पोकळीत, दुसरा सिलिंडरमध्ये. बोटं बारीक होती म्हणून जमलं. इकडे मोजलं, तिकडे मोजलं, खडूनं ब्लॉकवर आकडे लिहिले. सगळ्यांत छोटा आकडा पुढच्या आणि कॅमच्या मधल्या कोपऱ्यात आला.

"बघ!" बाबा आणि काका एकदमच म्हणाले.

"दोघंही अर्धे बरोबर," ती म्हणाली. "आता भोकाचा मध्य तिरका सरकवायचा. पंधरा शतांश, जाड बाजूला. पातळ कोपऱ्यात हत्यार नुसतं चाटून जाईल."

काकांनी त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. "पंधरा जास्त होतील. बारा."

"पंधरा," बाबा म्हणाले. "पोरगी मोजून सांगतेय."

"तुझं इंजिन आहे," काका थोरलीला म्हणाले. "तू हो म्हण, म्हणजे मी चालू करतो."

समोर भिंतीला टेकून तिचा भाऊ उभा होता, शेजारी आई, पदराशी चाळा करत. बारा घेतले आणि फुटला, तर काकांमुळे. पंधरा घेतले आणि फुटला, तर तिच्यामुळे. तिला अचानक हलकं वाटलं. निदान यावेळी माप कुणाचं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"पंधरा," ती म्हणाली. "हो."

काकांनी ब्लॉक आवळला. सरकवायचा दांडा त्यांच्या हातात, पण डायल वाचायला त्यांना आता चष्म्यातूनही त्रास व्हायचा. बाबांचे हात थरथरत होते, डोळे मात्र लख्ख होते. "दादा, तू वाच," काका म्हणाले. बाबा वाकले. "चार… सात… अकरा… हळू, घाई कसली आहे… चौदा… बस."

"पंधरा म्हणाला होतास."

"अर्धा आण अजून. हं. बस!"

मशिन सुरू झालं. हत्यार वरून खाली उतरायला लागलं, काळा भुसा सिलिंडरच्या तोंडातून खाली झरू लागला. काका डोळे मिटून ऐकत होते. पातळ कोपऱ्याशी आवाज जरा चिरका झाला, तशी आईनं काकूचा दंड धरला. आवाज पुन्हा सरळ झाला. शेवटी हत्यार तळाशी पोचून मोकळं फिरलं, आणि काकांनी श्वास सोडला.

"आता पाणी," ते म्हणाले. "बारीकशी चीर असली तर नुसत्या डोळ्यांना दिसायची नाही."

पाण्याच्या पोकळीची भोकं रबर लावून बंद केली, आत पाणी भरलं आणि वरून पंपानं थोडा दाब दिला. सिलिंडरची भिंत आधी पुसून कोरडी केली. त्यावर लावायला काकांकडे खडूची पूड निघेना, म्हणून आईनं पर्समधली चेहऱ्याची पावडर काढली आणि हात घालून सगळीकडे फासली. "कुठे ओल आली तर डाग पडेल ना? मग हीच बरी. वास तरी चांगला येईल." अर्धा तास थांबायचं होतं.

थोरली बाहेर दाराच्या पायरीवर जाऊन बसली. धाकटा शेजारी येऊन बसला. कोपरापर्यंत काळा झाला होता.

"ताई," तो म्हणाला, "तू बोलली नसतीस तर मला कळलं असतं?"

"जन्मात नाही."

"आणि ते दोघंही तुझ्या बाजूनं होते."

"म्हणून तर."

"मी दिवसभर लोकांचे दावे तपासतो. पंधरा वर्षं झाली. गाडी ठोकली, छत गळलं, यंत्र बिघडलं. पैसे मंजूर झाल्यावर उठून, 'साहेब, थांबा, चूक माझी होती,' असं म्हणणारा एकही माणूस अजून भेटला नाही मला."

"मंजूर कुठे? तू अर्धाच फाडला होतास."

तो हसला. उरलेला अर्धा फाडणार का, हे तिला विचारायचं होतं, पण विचारून मिळालेलं तिला नको होतं.

"या रे!" आतून काकांची हाक आली.

सगळे ब्लॉकभोवती वाकले. काकूनं हातदिवा आत धरला. पावडर जशी फासली होती तशीच होती, वरपासून खालपर्यंत पांढरी. तरी बाबांनी थरथरतं बोट आत घालून त्या पातळ कोपऱ्यावरून फिरवलं, ते बाहेर काढून उजेडात धरलं, मग काकांच्या नाकासमोर नेलं.

"कोरडा," बाबा म्हणाले.

"दिसतंय," काका म्हणाले. "उरलेले तीन उद्या घेतो. दादा, नवाला ये. उशीर करू नकोस."

"मी कधी उशीर केलाय?"

थोरली ब्लॉकला टेकून उभी राहिली. त्याच वेळी धाकट्याच्या खिशातला फोन वाजला. नाव बघून तो बाहेर फुटपाथवर गेला, पण रस्त्यावर गर्दी होती, त्यामुळे त्याला मोठ्यानं बोलावं लागलं, आणि आत सगळ्यांना ऐकू आलं.

"हो, बोलतोय… नाही, सह्या झाल्या नाहीत. होणारही नाहीत… भाडं वाढवायचा प्रश्न नाही हो… नाही, तुमचा गैरसमज झालाय, माझाही झाला होता. जागा रिकामी नाहीये ती. तिथं माझी बहीण काम करते."

काकूनं हातदिवा विझवला. थोरली आहे तिथंच उभी राहिली. ती इथं काय करते, याला तिच्या भावानं आजवर छंद म्हटलं होतं, हट्ट म्हटलं होतं, बाबांचे लाड म्हटलं होतं. काम पहिल्यांदाच म्हटलं. तिचे डोळे भरून आले, आणि दोन्ही हात काळे असल्यामुळे ते तिला पुसताही येईनात.